यात्रेकरूंचा दिवस आणि बेथलेहेमची रात्र

शांततेच्या दिवसांत जेरुसलेमच्या पूर्वेकडील जैतुनांच्या डोंगरावर सकाळीच बसगाड्यांची रांग लागते. एकेका गाडीतून चाळीस-पन्नास ख्रिस्ती यात्रेकरू उतरतात. कोणी ब्राझीलचे, कोणी पोलंडचे, कोणी फिलिपिन्सचे. मुंबई, वसई आणि गोवा येथील भाविकांचे गटही त्यांत असतात. समोर किद्रोनच्या खोऱ्यापलीकडे जुन्या शहराचा तट दिसतो. मार्गदर्शक घड्याळ पाहून सांगतो की गेथशेमाने, क्रुसाची वाट, पवित्र कबर आणि बेथलेहेम एवढे सर्व सायंकाळपर्यंत पाहावयाचे आहे. हे वेळापत्रक व्यवस्थेच्या दृष्टीने कौतुकास्पद असेल; परंतु त्यात कोणाच्या वाट्याला किती तास येतात, हा प्रश्न भक्तीचा आहे तसाच अर्थकारणाचाही आहे.

ही यात्रा नवी नव्हे. इ. स. ३३३ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथून आलेल्या एका यात्रेकरूने वाटेतील मुक्कामांची आणि अंतरांची नोंद ठेवली. त्याच शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची स्त्री सुमारे तीन वर्षे या प्रदेशात राहिली. तिच्या लॅटिन वृत्तान्ताची अपूर्ण प्रत १८८४ साली इटलीतील आरेझ्झो येथे सापडली. ज्या स्थळी जावे तेथे प्रार्थना करावी आणि त्या स्थळाविषयीचा शास्त्रातील उतारा वाचावा, ही तिने नोंदलेली रीत आजचे गटही पाळतात. रीत टिकली, मुक्काम मात्र वर्षांवरून दिवसांवर आणि एकेका गावापुरता तासांवर आला.

दगडांचे हक्क

गेथशेमानेच्या बागेतील वृक्षांपैकी काहींची खोडे बाराव्या शतकातील असल्याचे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. तेथून गट जुन्या शहरात शिरतो. क्रुसाच्या वाटेवरील चौदा स्थानांपैकी नऊ गजबजलेल्या बाजारातून जातात व शेवटची पाच पवित्र कबरीच्या चर्चमध्ये आहेत. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आज्ञेने उभारलेल्या या वास्तूचे समर्पण ३३५ मध्ये झाले, १००९ मध्ये खलिफा अल-हाकिमने ती पाडली आणि पुढे क्रुसेडवीरांनी तिची मोठी पुनर्रचना केली. आज सहा ख्रिस्ती पंथ तिच्यात उपासना करतात आणि तिच्या दाराची किल्ली व दार उघडण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या दोन मुसलमान घराण्यांकडे आहे.

या पंथांमधील तंटे मिटविण्यासाठी तुर्की सुलतानाने १८५२ साली फर्मान काढून 'जैसे थे' स्थिती कायम केली. कोणता कोपरा कोणाचा, कोणती पायरी कोणी झाडावी, हे सारे ठरलेले आहे. दर्शनी भागावरील खिडकीखाली अठराव्या शतकापासून असलेली एक लाकडी शिडी सर्वांच्या संमतीवाचून हलविता येत नाही, म्हणून ती आजही तेथेच आहे. दगडांचे आणि शिडीचे हक्क इतक्या काटेकोरपणे राखले गेल्याचे उदाहरण जगात क्वचितच सापडेल. या दगडांच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांच्या हक्कांसाठी मात्र असे कोणतेही फर्मान नाही.

दोन तासांचे गाव

दुपारी गट सुमारे नऊ किलोमीटरवरील बेथलेहेमला येतो. २००२ नंतर इस्रायलने उभारलेली भिंत आणि तपासणी नाके यांतून वाट काढीत बस जाते. यात्रेकरूंना ही वाट सहसा मोकळी असते. बेथलेहेमच्या पॅलेस्टिनी रहिवाशाला जेरुसलेमला जाण्यासाठी परवाना लागतो. जन्मस्थान चर्चचे दार इतके बुटके आहे की कमरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. खाली गुहेत चौदा टोकांचा चांदीचा तारा आहे. १८४७ साली तो नाहीसा झाला, तेव्हा उठलेला वाद क्रिमियाच्या युद्धामागील कारणांपैकी एक ठरला. ताऱ्याला हात लावून यात्रेकरू बाहेर येतात, जैतुनाच्या लाकडात कोरलेल्या मूर्तींच्या एखाद्या दुकानात थोडा वेळ थांबतात आणि बस पुन्हा जेरुसलेमच्या हॉटेलाकडे वळते.

अर्थशास्त्रीय दृष्ट्या येथे एक विसंगती आहे. चर्चमध्ये प्रवेशशुल्क नाही. म्हणजे ज्या वास्तूसाठी जग लोटते, तिच्या दर्शनातून गावाला थेट उत्पन्न नाही. उत्पन्न येते ते निवासातून, जेवणातून आणि खरेदीतून. विमानभाडे, बस आणि हॉटेल यांचे पैसे यात्रेकरूने घरूनच भरलेले असतात. रात्र जेथे घालविली जाते, तेथे पैसा राहतो. खर्च कमी येतो म्हणून काही गट बेथलेहेमला उतरतात हे खरे. परंतु दोन तासांत परतणाऱ्यांकडून गावाला लाभते ती केवळ किरकोळ विक्री, आणि तिच्यातूनही दलाली वजा होते.

एकाच व्यवसायावर विसंबलेल्या गावाला प्रत्येक संकट दुप्पट जाचते. २००२ साली जन्मस्थान चर्चला ३९ दिवस वेढा पडला. मार्च २०२० मध्ये साथीमुळे ते बंद झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले आणि त्या वर्षीचा व पुढच्या वर्षीचा नाताळ गावाने रोषणाईविना पाळला. विसाव्या शतकाच्या मध्यास येथे ख्रिस्ती लोकांचे बहुमत होते. आज ते अल्पसंख्य आहेत. तुर्की अमदानीच्या अखेरीस सुरू झालेले चिली आणि मध्य अमेरिकेकडील स्थलांतर युद्धे, लष्करी ताबा आणि बेकारी यांमुळे चालूच राहिले. स्थानिक ख्रिस्तजन स्वतःला 'जिवंत दगड' म्हणवितात, त्यामागील वेदना ध्यानात घ्यावयास हवी.

यात्रेकरू प्रार्थनेसाठी जातो, गावाचा विकास करण्यासाठी नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. वयस्कर माणसे, मोजकी रजा आणि सुरक्षिततेची चिंता या अडचणीही खऱ्या आहेत. परंतु दूरच्या ख्रिस्ती मंडळींचे जेरुसलेमशी पहिले नाते जडले तेच मुळी तेथील गरिबांसाठी संत पौलाने गोळा केलेल्या वर्गणीतून. आजही गुड फ्रायडेला जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये, म्हणजेच वसई-गोव्यातही, पवित्र भूमीसाठी दान जमा होते. दानाने संस्था चालतात, शाळा चालतात. घरे मात्र रोजगारावर चालतात. म्हणून प्रवास पुन्हा सुरळीत होईल तेव्हा गट नेणाऱ्या धर्मगुरूंनी आणि प्रवासव्यवस्थापकांनी निदान एक रात्र बेथलेहेमसाठी राखून ठेवावी, एक उपासना तेथील अरबी भाषिक मंडळींसोबत करावी आणि मूर्ती कारागिराच्या हातून घ्यावी. वेळापत्रकात एवढा बदल करण्यास कोणत्याही सुलतानाच्या फर्मानाची गरज नाही. तो झाला नाही, तर पुढच्या पिढीच्या यात्रेकरूंना बेथलेहेममध्ये चर्च दिसेल, तारा दिसेल. पण तेथे त्यांच्यासोबत प्रार्थनेला उभे राहणारे गावकरी कदाचित दिसणार नाहीत.