बालकांच्या दृष्टिमज्जातंतूचा दाह

शाळेत जाणाऱ्या मुलास फळ्यावरील अक्षरे एकाएकी अंधुक दिसू लागली, की चष्मा लागला असावा, असा पालकांचा समज होतो. परंतु काही दिवसांतच दृष्टी मंदावली, डोळा हलविताना दुखू लागला व लाल रंग फिका भासू लागला, तर दृष्टिमज्जातंतूच्या दाहाची शक्यता असते.

हा मज्जातंतू डोळ्यातील संदेश मेंदूकडे पोहोचवितो. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून त्याच्या आवरणावर आघात करते व संदेशवहनात अडथळा येतो. बालकांत हा विकार पुष्कळदा विषाणुजन्य तापानंतर उद्भवतो. प्रौढांच्या मानाने बालकांचे दोन्ही डोळे एकाच वेळी बाधित होण्याचे प्रमाण अधिक आहे.

दिलासा असा, की बहुसंख्य बालकांची दृष्टी काही आठवड्यांत वा महिन्यांत चांगली सुधारते. सर्वसाधारणपणे ३ ते ५ दिवस शिरेवाटे स्टेरॉइड देऊन नंतर गोळ्यांचे प्रमाण हळूहळू कमी केले जाते. काहींना विकार पुन्हा उद्भवतो. म्हणून एमआरआय व रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आवश्यक ठरते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत २०१३ पासून अंगणवाड्या व शाळांतून बालकांची तपासणी होते. तथापि, अशा लक्षणांत पुढील तपासणीची वाट पाहू नये. इंदापूर व बारामती तालुक्यांतील पालकांना बारामती येथे २०१९ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळचे आहे. मुलाची तक्रार त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाच्या कानावर घालणे, हेच हिताचे होय.