जुना संगणक आणि अल्पस्मृतीवर चालणारी प्रणाली

अनेक शाळांत एखादा जुना संगणक आच्छादन घालून कोपऱ्यात ठेवलेला आढळतो. तो मंद चालतो, एवढ्याच कारणावरून त्यास निकामी ठरविले जाते. वस्तुतः दोष बहुधा यंत्रात नसून त्यावर पडलेल्या भारात असतो.

संगणकाची तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम, ही शिक्षकाच्या मेजासारखी होय. हार्ड डिस्क ही कपाटासारखी होय. मेज भरले की संगणक काही मजकूर कपाटात ठेवतो व गरजेनुसार परत काढतो. या अदलाबदलीस स्वॅप म्हणतात. रॅमच्या मानाने फिरत्या तबकडीची डिस्क फारच मंद असल्याने यंत्राचा सारा वेळ या खेपा घालण्यातच खर्च होतो.

विंडोज ११ या प्रणालीस किमान ४ जीबी रॅम व टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. अशा स्थितीत लिनक्सच्या हलक्या प्रणाली उपयोगी पडतात. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवर चालते. ४ जीबी असल्यास काम अधिक सुकर होते. त्याहून लहान यंत्रासाठी अँटीएक्स ही प्रणाली आहे. दोन्ही विनामूल्य आहेत.

प्रणाली बदलताना पुढील क्रम ठेवावा :

(१) हजेरी, निकाल इत्यादी फाइली अन्यत्र उतरवून त्या उघडतात याची खात्री करावी. स्थापनेत डिस्क पुसली गेल्यास त्या परत मिळण्याची आशा धरू नये.

(२) प्रोसेसर ३२ बिट आहे की ६४ बिट, हे पाहावे. मिंटच्या मुख्य आवृत्तीस ६४ बिट यंत्रच लागते.

(३) नवी प्रणाली प्रथम पेन ड्राइव्हवरून चालवून पडदा, ध्वनी, छपाईयंत्र व मराठी टंकलेखन तपासावे. मात्र त्यावरून वेगाचा निर्णय करू नये. पेन ड्राइव्ह मंदच असतो.

(४) शक्य असल्यास रॅम वाढवावी व एसएसडी बसवावी. ते न जमल्यास झेडरॅम ही सोय चालू करावी. ती मजकूर आक्रसून स्मृतीतच ठेवते.

या उपायांनाही मर्यादा आहे. आंतरजालावरील पृष्ठे जड असतात. ती एका वेळी एक-दोनच उघडावीत. परंतु लेखन, गणित व चित्रकला यांस असे यंत्र पुरेसे असते. ज्या मुलांच्या घरी संगणक नाही, त्यांचा हात कळफलकावर प्रथम शाळेतच पडतो. म्हणून जडसंग्रह नोंदवहीत यंत्र निरुपयोगी लिहिण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.