पन्नास टक्क्यांची नशा

1855 सालच्या डिसेंबरात पॅरिसच्या क्लिशी तुरुंगात पंचावन्नाला टेकलेला एक अमेरिकन कैदी होता. गुन्हा एवढाच, की कर्ज फेडता आलं नाही. नेमकं त्याच दिवसांत फ्रान्सच्या सम्राटाने त्याला 'लीजन ऑफ ऑनर' हा किताब दिला आणि पदक त्याच्या हाती पडलं ते कोठडीतच. चार्ल्स गुडइयर त्याचं नाव. टायरवर आपण वाचतो ते नाव त्याचंच, पण ती कंपनी त्याची नव्हे. त्याच्या मृत्यूनंतर 38 वर्षांनी, 1898 मध्ये, भलत्याच माणसाने ती काढली आणि आदरापोटी त्याचं नाव दिलं.

गुडइयरची गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून सांगायची पद्धत आहे. मला ती वाचताना दर वेळी दुसरीच शंका येते.

1834 च्या सुमाराला फिलाडेल्फियातल्या त्याच्या लोखंडी सामानाच्या धंद्याचं दिवाळं निघालं होतं. तशात न्यूयॉर्कमध्ये रॉक्सबरी रबर कंपनीच्या दुकानात त्याने पाण्यावर तरंगण्यासाठी वापरायचा रबरी पट्टा पाहिला आणि त्याच्यासाठी सुधारलेली झडप करून नेली. दुकानातून उत्तर मिळालं, झडपेचं काय घेऊन बसलात, इथे रबरच टिकत नाही! उन्हाळ्यात चिकट होऊन वितळायचं, हिवाळ्यात कडक होऊन तडकायचं. रसायनशास्त्राचा गंध नसलेल्या या माणसाने ठरवलं, हा प्रश्न आपण सोडवायचा. देण्यांपायी तुरुंगात गेला, तर बायकोकडून कच्चं रबर आणि लाटणं मागवून तिथेच रबर मळत बसला, असं सांगतात. मॅग्नेशिया घालून पाहिलं, चुना घालून पाहिला, नायट्रिक ॲसिड लावून पाहिलं. घरातलं सामान गहाण पडलं, मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकली गेली. अंगात रबराचा कोट, डोक्यावर रबराची टोपी, पायांत रबराचे बूट आणि खिशात रबराचं पाकीट, फक्त त्यात एक सेंट नाही, अशी त्याची ओळख सांगितली जायची.

मग टपाल खात्याच्या थैल्यांचं काम मिळालं. थैल्या देखण्या झाल्या. त्या टांगून ठेवून गुडइयर बायकामुलांना घेऊन काही दिवस बाहेर गेला. परत येऊन पाहतो, तर उष्णतेने रबर पाघळून मुठी गळून पडलेल्या. दुसरा कोणी असता तर रबराला हात जोडून मोकळा झाला असता. हा पुन्हा कामाला लागला. अखेर 1839 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावात गंधक मिसळलेला रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला आणि वितळण्याऐवजी चामड्यासारखा जळला. जळलेल्या भागाच्या कडेला मात्र हवं होतं तसं, लवचीक आणि टिकाऊ रबर तयार झालं होतं. किती आच, किती वेळ, हे गणित बसवायला आणखी पाच वर्षं गेली. 15 जून 1844 ला पेटंट मिळालं.

माझी शंका सुरू होते ती इथून. प्रश्न सुटला होता. परवाने नीट विकून आयुष्य सुखात घालवता आलं असतं. पण गुडइयरने ते फुटकळ मोबदल्यात दिले आणि तो रबराचे झेंडे, दागिने, वाद्यं यांच्या मागे लागला. आपल्या पुस्तकाच्या काही प्रतीही त्याने रबरावर छापून घेतल्या. 1851 च्या लंडनच्या आणि 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत छतापासून खुर्चीपर्यंत सगळं रबराचं असलेली दालनं उभारली, ती उधारीवर. 1860 मध्ये तो वारला तेव्हा सुमारे दोन लाख डॉलरचं देणं मागे होतं. हवं ते मिळाल्यावरही जो थांबू शकत नाही, त्याला नेमकं काय हवं असतं?

या प्रश्नाचं उत्तर मेंदूत शोधायची वाट एका चुकलेल्या तारेने दाखवली. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून विजेचे सौम्य झटके देत होते. एका उंदराच्या मेंदूत तार ठरवलेल्या जागी न बसता भलतीकडे गेली. तो उंदीर टेबलाच्या ज्या कोपऱ्यात झटका मिळाला होता तिथे पुन्हा पुन्हा जायला लागला. मग त्यांनी झटक्याची कळ उंदरांच्याच ताब्यात दिली. उंदीर ती तासाला शेकड्यांनी, हजारांनी वेळा दाबू लागले. भुकेले असतानाही अन्न सोडून दाबू लागले. 1954 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि मेंदूतलं सुखाचं केंद्र सापडलं, असा गाजावाजा झाला.

ते सुख होतं का, हा प्रश्न पुढे मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी विचारला. या सगळ्या व्यवहारात डोपामिन नावाचं रसायन मध्यवर्ती असतं. बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं. ते उंदीर समोरच्या अन्नाकडे ढुंकूनही पाहीनात. भरवलं नाही तर उपाशी मरतील, अशी अवस्था. पण त्यांच्याच जिभेवर साखरेचं पाणी सोडलं, तर ते पूर्वीसारखेच मिटक्या मारत. गोड लागत होतं, ओढ तेवढी उरली नव्हती. म्हणजे आवडणं आणि हवं असणं यांची यंत्रणा मेंदूत वेगवेगळी आहे! व्यसनी माणूस, आता यात काही मजा उरली नाही, असं खरं सांगतो आणि तरीही पुन्हा हात पुढे करतो, त्याचा उलगडा इथे होतो.

याहून चकित करणारा शोध वोल्फ्राम शुल्ट्झ यांचा. माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींचा आवाज ते एकेक करून ऐकत होते. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी उसळत. रसाआधी दर वेळी खूण दाखवू लागल्यावर काही दिवसांनी उसळी खुणेपाशी सरकली आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर पेशी थंड राहू लागल्या. ठरलेलं मिळालं, त्यात काय विशेष! मग 2003 मध्ये शुल्ट्झ यांच्या गटाने खुणांमध्ये शक्यता मिसळल्या. एका खुणेनंतर रस नक्की मिळणार, एकीनंतर नक्की नाही, बाकीच्यांनंतर कधी मिळणार, कधी नाही. खूण दिसल्यापासून रसाची वेळ होईपर्यंत काही पेशी हळूहळू तापत जात, आणि सर्वांत जास्त तापत त्या जेव्हा रस मिळायची शक्यता बरोबर पन्नास टक्के असे. खात्रीच्या रसाला हा ताप नव्हता. मिळेल की नाही मिळेल, यालाच होता.

गुडइयरच्या टपालाच्या थैल्या आता वेगळ्या दिसू लागतात. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये जुगाराच्या यंत्रावर बसलेल्या माणसांचे मेंदू स्कॅनरखाली पाहिले. चित्रं जुळता जुळता एका घराने हुकली, तर खेळणाऱ्याला वाईट वाटायचं. पण जिंकल्यावर जागा होतो तोच मेंदूचा भाग तेव्हाही जागा व्हायचा आणि आणखी एक डाव खेळावासा वाटायचा. थोडक्यात हुकणं मेंदूच्या लेखी हार नसते. जवळजवळ मिळालेली ऑर्डर, शेवटच्या बैठकीत मागे हटलेला गुंतवणूकदार, एका हंगामापुरता चाललेला माल, हे धंद्यात रोजचंच.

या यंत्रणेला बाहेरून धक्का दिला तर काय होतं, तेही नकळत तपासून झालं आहे. पार्किन्सन्समध्ये डोपामिनच्या पेशी मरतात, म्हणून डोपामिनसारखंच काम करणारी औषधं दिली जातात. ती घेणारी काही सरळमार्गी, काटकसरी माणसं उतारवयात अचानक जुगार खेळू लागली, वेड्यासारखी खरेदी करू लागली. अमेरिका-कॅनडातल्या 3,090 रुग्णांच्या 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्क्यांमध्ये असं अनावर वागणं दिसलं. न घेणाऱ्यांमध्ये ते सुमारे 7 टक्के होतं. औषध कमी केलं की बहुतेकांचं हे वेड ओसरतं. स्वभाव म्हणून आपण जे आयुष्यभर मिरवतो, त्यातलं किती गोळीच्या मापात बसतं, असा विचार मनात येऊन जरा अस्वस्थ व्हायला होतं.

जुगाराचा विकार 2013 पासून अमेरिकी मनोविकार नियमावलीत दारू आणि ड्रग्ज यांच्याच प्रकरणात आहे. धंद्याचं व्यसन मात्र कुठल्याही नियमावलीत नाही. तरी एप्रिल स्पायवॅक, अलेक्झांडर मॅकेल्वी आणि मायकल हेनी यांनी 2014 मध्ये एका व्यवस्थापन नियतकालिकात तो प्रश्न उघडपणे मांडला. एकामागून एक धंदे काढणाऱ्या माणसांच्या बोलण्यात त्यांना व्यसनाच्या ओळखीच्या खुणा दिसल्या. डोक्यात सतत तोच विचार, धंदा विकून टाकला की येणारी बेचैनी, पुढचा डाव आधीच्यापेक्षा मोठा हवा ही मागणी, घराकडे दुर्लक्ष. कॅलिफोर्नियात मायकल फ्रीमन यांनी 242 उद्योजकांची 93 इतरांशी तुलना केली. एकाग्रता आणि आवेग यांच्याशी निगडित एडीएचडी उद्योजकांत 29 टक्क्यांनी सांगितला, इतरांत 5 टक्क्यांनी. अमली पदार्थांच्या वापराचा विकार 12 टक्क्यांनी, इतरांत 4 टक्क्यांनी. संख्या लहान आहे आणि माहिती ज्याची त्याने दिलेली आहे, त्यामुळे यावरून उद्योजक म्हणजे व्यसनी असं समीकरण मांडणं उथळपणाचं. ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या 2008 च्या अभ्यासात स्वतःचा धंदा करण्याकडे असलेल्या कलात आनुवंशिकतेचा वाटा जवळपास निम्मा निघाला. मग डोपामिनशी संबंधित एक जनुक सापडल्याची बातमी आली. मोठ्या नमुन्यात पुन्हा तपासलं तेव्हा तो संबंध टिकला नाही. उद्योजकाचं जनुक वगैरे विकणाऱ्यांपासून दोन हात दूर राहावं, एवढं मात्र यातून निश्चित झालं.

मग जुगारी आणि कारखानदार यांच्यात फरक कुठे? शुल्ट्झ यांच्या गटाने सुचवलेला अर्थ मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. निसर्गात जिथे अनिश्चितता असते, तिथे बहुधा शिकण्यासारखं काहीतरी असतं. कोणत्या झाडाला फळ कधी धरतं, हे लक्ष देऊन पाहणाऱ्याला हळूहळू कळतं. म्हणून अनिश्चिततेकडे ओढ लावणारा मेंदू तगला. जुगाराचं यंत्र या ओढीला फसवतं, कारण त्यात शिकण्यासारखं काहीच नसतं. हजारावा डाव पहिल्या डावाइतकाच आंधळा. गुडइयरचं रबर मात्र प्रत्येक वेळी काहीतरी सांगत होतं. चुना नको, ॲसिड वरवरचं, आच हवी. गोम अशी, की आपण शिकता येण्याजोग्या डावात बसलो आहोत की नुसत्या सोंगट्यांच्या, हे त्या पेशींना आतून कळत नाही. दोन्हीकडे त्या सारख्याच तापतात. आणि बाहेरून पाहणारे निकाल लागल्यावरच ठरवतात, हा द्रष्टा होता की कुटुंबाला भिकेला लावणारा.

आपल्याकडे याचं सर्वांत ठळक उदाहरण धुंडिराज गोविंद फाळके. छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यात नोकरी, 'प्रोफेसर केळफा' या उलट्या नावाने जादूचे प्रयोग, मग छापखाना. जम बसलेल्या छापखान्यातूनही भागीदारांशी बिनसल्यावर बाहेर. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि मग दुसरं काही सुचेना. झोप सोडून, मिळेल तो चित्रपट पाहत, प्रयोग करत डोळ्यांवर इतका ताण दिला की काही काळ दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली, तशी त्यांनी पुन्हा कामाला सुरुवात केली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला. कुंडीतल्या वाटाण्याचा कोंब वाढतानाचं चित्रण करून दाखवलं तेव्हा पैसे देणारा पटला. 3 मे 1913 ला गिरगावात 'कोरोनेशन'मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

चित्रपट चालला, कीर्ती झाली. तरी पुढे हिंदुस्तान फिल्म कंपनीत भागीदारांशी खटके, संतापून काशीला प्रयाण, काही वर्षांत परत येणं, आणि बोलपटांनी मूकपटांचा बाजार उठवल्यावर 1937 मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, 'गंगावतरण'. फाळक्यांना व्यसनी म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. मेलेल्या माणसाचं निदान करणं सोपं असतं, कारण तो उलट बोलत नाही. पण मागे परत येण्याची ती लय गुडइयरच्या ओळखीची आहे, इतकं म्हणता येईल.

दोन्ही घरांचा जमाखर्च मांडायचा तर मात्र ही तुलना थोडी बिघडते. क्लॅरिसा गुडइयरने आपली काही मुलं लहानपणीच गमावली आणि 1853 मध्ये ती गेली तेव्हा नवऱ्याची देणी तशीच होती. सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने दिले, पण त्याबरोबर फिल्मला भोकं पाडली, रसायनं कालवली, फिल्म धुतली, वर सगळ्या नटमंडळींचा स्वयंपाक केला. डाव त्यांचाही होता. झपाटलेल्या माणसाच्या घरात राहणं आणि त्याच्या कामात असणं यांत फार अंतर असावं, आणि संशोधकांनी ते अजून पुरेसं मोजलेलं नाही. त्यांच्या प्रश्नावल्या बहुतेक उद्योजकाच्याच हाती दिल्या जातात. त्याच्या बायकोच्या, नवऱ्याच्या किंवा मुलांच्या हाती क्वचित.

घराचाच विषय निघाला म्हणून फिनलंडमधला एक प्रयोग सांगतो. आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये काही बापांना स्वतःच्या मुलांचे फोटो दाखवले आणि काही उद्योजकांना स्वतःच्या कंपनीची चित्रं, दोघांनाही स्कॅनरमध्ये झोपवून. मेंदूतले नमुने बरेच सारखे निघाले. ज्यांचा जीव जास्त गुंतलेला, त्यांच्यात समोरच्याला पारखून पाहण्याशी निगडित भागांचं काम मंदावलेलं दिसलं, बापांमध्येही आणि उद्योजकांमध्येही. आपलं पोर हुशारच असतं, तसा आपला धंदाही चालणारच असतो. बँकेतला कर्जमंजुरीचा अधिकारी हे स्कॅनरशिवायच ओळखून असतो, म्हणून तो आधी ताळेबंद मागतो आणि मग जामीनदार.