प्राध्यापकांचं खातं

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांचे नियम दर्शनी भिंतीवर लावलेले असतात. प्राध्यापकांचे नियम मात्र माहितीपत्रकाच्या एखाद्या ओळीत आटोपतात: इतकी पुस्तकं, इतक्या मुदतीसाठी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून नोकरी करताना आणि निवृत्तीनंतरही ही ओळ मला अपुरी वाटत आली आहे. महाविद्यालय कुणाला शिक्षक मानतं आणि त्याच्या वाचनाची किती काळजी घेतं, हे त्या ओळीत दिसतं.

सुरुवात चांगली झाली होती. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९५७ साली डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. ग्रंथालयावर दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १५ रुपये आणि दर शिक्षकामागे २०० रुपये खर्च व्हावेत, असं या समितीनं सुचवलं. पुढे कोठारी आयोगानं (१९६४-६६) हेच आकडे २५ आणि ३०० केले. शिक्षकाचा आकडा कितीतरी मोठा ठेवण्यामागे सरळ विचार होता. शिक्षकानं वाचलेलं पुस्तक त्याच्यापाशीच थांबत नाही, ते वर्गापर्यंत पोहोचतं, म्हणून त्याच्या वाचनाची तरतूद वेगळी हवी. प्रत्यक्षात तालुक्याच्या ठिकाणी निधी एकत्रच यायचा आणि क्रमिक पुस्तकांत संपून जायचा.

मी नोकरीला लागलो तेव्हा, १९८०च्या दशकात, देवघेव खतावणीवर चालायची. प्रत्येक प्राध्यापकाच्या नावाचं एक पान. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, ग्रंथनाम, सही आणि शेवटचा रकाना परतीचा. विद्यार्थ्याला मुदत टळली की दंड व्हायचा. प्राध्यापकांच्या पानावरचा शेवटचा रकाना मात्र वर्षानुवर्षं कोरा असायचा. तो भरायचा बदली किंवा निवृत्तीच्या वेळी, ‘ना देय’ दाखल्यावर ग्रंथपालाची सही लागायची तेव्हा. मग विभागाच्या कपाटातून, स्टाफरूममधून, घरच्या माळ्यावरून पुस्तकांचे गठ्ठे यायचे. त्यातलं एखादं पुस्तक कित्येक वर्षं विद्यार्थी मागत असत आणि आम्ही ‘सरांकडे आहे’ एवढंच सांगत असू.

तरीही त्या पिढीच्या प्राध्यापकांना मी दोष देणार नाही, कारण ग्रंथसंग्रह त्यांनीच उभा केला. कपाटांपर्यंत जाण्याची मुभा विद्यार्थ्यांना नव्हती, त्यांना होती, आणि ते खरोखर आत येत. पुण्या-कोल्हापूरचे विक्रेते गाठोडी घेऊन येत आणि पुस्तकं पसंतीसाठी ठेवून जात. विभागप्रमुख ती उघडून, अनुक्रमणिका पाहून, खूण करून देत. जुनी दाखल नोंदवही आजही चाळली की कुठल्या वर्षी कुठला विभाग वाचता होता ते ओळीओळीतून कळतं. चार-पाच वर्षं मराठेशाहीवरची पुस्तकं सलग येत राहतात आणि एकदम थांबतात. तो प्राध्यापक बदलून गेलेला असतो. पुढच्या पानांवर मार्चअखेरीस घाईनं घेतलेल्या गाइडांची रांग लागते. मार्चमध्ये उरलेला निधी संपवण्याची सवय ग्रंथसंग्रहाला पोखरत गेली, हे माझं ठाम मत आहे.

ग्रंथपालांचीही एक बाजू होती. हरवलेलं पुस्तक पगारातून भरावं लागेल ही भीती डोक्यावर असायची, म्हणून कुलपं जास्त आणि वापर कमी. दर हजार पुस्तकांच्या देवघेवीमागे वर्षाला पाचपर्यंतचा तोटा, त्यात अप्रामाणिकपणा नसेल तर, वाजवी मानावा असं केंद्र सरकारच्या २००५च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत आलं. आमच्या महाविद्यालयाला ते नियम बंधनकारक नव्हते, पण व्यवस्थापनासमोर ठेवायला आधार मिळाला. १९८६पासूनच्या वेतनश्रेणीत पात्र ग्रंथपालाला व्याख्यात्याच्या बरोबरीची श्रेणी मिळाली होती, त्याचाही उपयोग झाला. अभ्यासमंडळातल्या प्राध्यापकाला ‘नव्या अभ्यासक्रमाची संदर्भयादी आधी ग्रंथालयात द्या’ असं बरोबरीनं सांगता येऊ लागलं.

संशोधनासाठी मात्र गाव सोडावंच लागे. पीएच.डी. करणारे प्राध्यापक प्राचार्यांचं पत्र घेऊन दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात नाहीतर शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात मुक्काम ठोकायचे. नियतकालिकांचे बांधीव खंड घरी मिळत नसत. हातानं टिपणं काढायची किंवा झेरॉक्सच्या रांगेत उभं राहायचं.

हे चित्र बदलण्याची सुरुवात पुण्यातच झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाचा इन्फ्लिबनेट हा प्रकल्प १९९१ साली ‘आयुका’च्या छत्राखाली सुरू झाला. १९९६ साली ते स्वतंत्र केंद्र झालं आणि पुढे गांधीनगरला स्थिरावलं. त्यांच्या ‘सोल’ प्रणालीवर आम्ही संगणकीकरण केलं, बारकोड चिकटवले, खतावण्या कपाटात गेल्या.

खरं वळण २०१० सालचं. त्या एकाच वर्षी दोन गोष्टी आल्या. पहिली एन-लिस्ट: अल्प वार्षिक वर्गणीत महाविद्यालयाला काही वर्षांतच सहा हजारांहून अधिक ई-नियतकालिकं आणि लाखभर ई-पुस्तकं मिळू लागली. ग्रंथपालानं प्रत्येक प्राध्यापकाचं नाव आणि ई-मेल भरायचा, त्याचा पासवर्ड त्याच्याकडे जायचा आणि तो घरी बसून वाचू शकायचा. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे अंक पाहण्यासाठी एसटीनं पुणं गाठणाऱ्या अर्थशास्त्राच्या शिक्षकाला ते आता स्वतःच्या टेबलावर मिळत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे आयोगाच्या त्याच वर्षीच्या नियमावलीतले, शिक्षकाचं काम मोजणारे ‘एपीआय’चे गुण. पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची मोजणी सुरू झाली आणि ग्रंथालयात येणारा प्रश्न बदलला. पूर्वी विचारायचे, ‘या विषयावर काय वाचू?’ आता विचारू लागले, ‘आयएसएसएन असलेलं, लवकर छापणारं नियतकालिक कुठलं?’ जगभरची नियतकालिकं पासवर्डवर उघडी होती आणि चर्चा चालायची पैसे घेऊन छापणाऱ्यांची. एन-लिस्टचा पासवर्ड एकदाही न वापरलेल्या प्राध्यापकांच्या नावावरही शोधनिबंध जमत होते, याचं मला आजही दुःख आहे. मग २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम आले, पुढे मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली, साम्य तपासणारी प्रणाली ग्रंथपालाच्या हाती आली. २०२५च्या सुरुवातीला ती यादीही आयोगानं बंद केली. दहा टक्क्यांच्या आत साम्य आलं की काम झालं, असं मानणाऱ्यांना निबंधात सांगायचंय काय हे विचारण्याची सोय कुठल्याच प्रणालीत नव्हती. ती ग्रंथपालानं आणि मार्गदर्शकानं समोरासमोर बसूनच करायची असते.

मराठी विभागाला या ई-सुविधेतून फारसं काही मिळालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. वाईचं ‘नवभारत’, ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांचे मागचे अंक हीच मराठीच्या संशोधकाची खाण. जागा अडते म्हणून अनेक ठिकाणी पहिली कुऱ्हाड याच बांधीव खंडांवर पडली. शोधगंगेवर प्रबंध सापडतात, पण त्या प्रबंधांनी ज्या अंकांचा आधार घेतला ते अंक सापडत नाहीत.

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’मुळे प्राध्यापकांची ग्रंथालयातली हजेरी मोजली जाऊ लागली. सह्यांची वही आली, लॉगिनची आकडेवारी आली. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत तेच लॉगिन कामाला आले आणि ज्यांनी पासवर्ड कधी वापरला नव्हता तेही तो फोन करून मागू लागले. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं: तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं. योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रात पदवी महाविद्यालयं मुख्यतः खासगी शिक्षणसंस्थांनी उभारलेली आहेत, म्हणून अशा ठिकाणी एन-लिस्टची वर्गणी सोडणं शहाणपणाचं नाही.

पण या सगळ्यात एक माणूस कुठल्याच नोंदीत नीट बसलेला नाही. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. भरती रखडत गेली तसे वर्गातले कितीतरी तास त्याच्याकडे आले. ग्रंथालयाच्या नियमांत तो अजून पाहुणाच. काही ठिकाणी त्याच्याकडून अनामत रक्कम घेतात, काही ठिकाणी दोन पुस्तकांवर त्याची बोळवण होते, आणि ‘पुढच्या वर्षी असेल की नाही’ म्हणून एन-लिस्टचा पासवर्डही काढून देत नाहीत. ज्याला पगार सर्वांत कमी, पुस्तक विकत घेणं सर्वांत अवघड, त्यालाच ग्रंथालयात हक्क सर्वांत थोडा. ग्रंथपालाची पदंही अनेक ठिकाणी रिकामी आहेत, त्यामुळे हे विचारायलाही कुणी नसतं.

जूनमध्ये ग्रंथालय समितीची पहिली बैठक होते. प्राचार्यांना आणि समितीतल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की त्या बैठकीत तीन ठराव करावेत. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला कायम शिक्षकाइतकीच पुस्तकं आणि पहिल्याच आठवड्यात पासवर्ड मिळावा. विद्यार्थ्यानं मागितलेलं पुस्तक प्राध्यापकानं पंधरा दिवसांत परत करावं. आणि ग्रंथखरेदीचा निम्मा निधी डिसेंबरपूर्वी, विभागांच्या यादीनुसार खर्च व्हावा. यातल्या कशालाही शासनाची परवानगी लागत नाही.