उद्योगनीती आणि आपली अधिछात्रवृत्ती

वर्ध्यात पदव्युत्तर वर्गांना शिकवताना मला एक गोष्ट सतत जाणवते. आमचे विद्यार्थी संशोधनासाठी विषय निवडतात ते बहुधा साहित्य, इतिहास, समाजकार्य यांतले. त्या विषयांचे मोल मी कमी लेखत नाही. पण कोणता कारखाना निघावा, कोणते यंत्र यावे, त्यासाठी सरकारने किती पैसा ओतावा, हे जेथे ठरते त्या उद्योगनीतीच्या व व्यवस्थापनाच्या अभ्यासाकडे आपण पाठ का फिरवावी?

हा प्रश्न बाबासाहेबांनी फार पूर्वी हेरला होता. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडले, की केवळ कला व कायदा यांचे शिक्षण अस्पृश्यवर्गाला पुरे पडणार नाही. विज्ञान व तंत्रशास्त्राचे उच्च शिक्षण हवे आणि ते या वर्गाच्या ऐपतीबाहेर आहे. त्यासाठी देशातील शिक्षणाकरिता वर्षाला दोन लाख आणि परदेशातील शिक्षणाकरिता एक लाख रुपये त्यांनी मागितले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. स्वतः बाबासाहेब १९१३ साली बडोदे संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकले होते. वृत्तीमुळे काय घडते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

त्याच कोलंबियात, त्याच प्राध्यापक सेलिगमन यांच्या हाताखाली पुढे जे. सी. कुमारप्पा शिकले. त्यांनी १९३४ नंतर आपल्या वर्ध्यातील मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम उभारले. गुरू एक, वाटा दोन. १९४५ साली बाबासाहेबांनी लिहिले त्याचा आशय असा, की दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे. यंत्राशिवाय कष्टकऱ्याला उसंत नाही आणि उसंतीशिवाय संस्कृती नाही. मगनवाडीत आजही ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था आहे. म्हणजे हा वाद आपल्या दाराशीच उभा आहे.

आज साधने कोणती? अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००५-०६ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली. वर्षाला दोन हजार नव्या जागा असतात. निवड राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर होते. २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्राला दरमहा ३७,००० आणि वरिष्ठाला ४२,००० रुपये असा दर आहे. अर्थशास्त्र व व्यवस्थापन हे दोन्ही त्या परीक्षेचे विषय आहेत. राज्यात पुण्याच्या 'बार्टी'ची स्वतंत्र अधिछात्रवृत्ती आहे.

विषयांचा तुटवडा नाही. २०२१ साली केंद्राने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली. त्यातून निघणाऱ्या नोकऱ्यांत, पुरवठ्याच्या कंत्राटांत आपला वाटा किती? २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावयाची आहे. उच्च तंत्राच्या मालात ती कोठे अडते? हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये नवी यंत्रे आली की कोणाची मजुरी जाते? हे प्रश्न आपण विचारले नाहीत, तर दुसरे कोणी आपल्यासाठी विचारील या भ्रमात राहू नये.

मात्र कागदावरची वृत्ती पुरेशी नाही. २०२३ साली 'बार्टी'च्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधकांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. म्हणून कार्यकर्त्यांनी दोन मागण्या लावून धराव्यात : रक्कम दरमहा वेळेवर मिळावी, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी या विषयांचे मार्गदर्शक मिळावेत. तसे न झाल्यास धोरण दुसरे लिहितील आणि आपण त्यावर फक्त निषेधाचे ठराव करीत राहू.