भूक मोठी की तहान मोठी?

बसा रे सगळे जवळ. राजाची गोष्ट नको म्हणालात ना? मग आज सूर्यफुलाची सांगतो. खरी घडलेली आहे, अगदी तारखेसकट.

इंग्लंडात लंडनजवळ टेडिंग्टन नावाचं गाव होतं. तिथे स्टीफन हेल्स नावाचे एक पाद्री होते. देवाचं काम सांभाळायचं आणि उरलेल्या वेळात झाडांची मोजमापं घ्यायची, हा त्यांचा छंद. १७२४ सालच्या ३ जुलैला त्यांनी कुंडीतलं एक सूर्यफूल घेतलं. साडेतीन फूट उंचीचं. कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा बसवला आणि फटी लिंपून टाकल्या. वर राहिलं फक्त झाड. पाणी घालायला एक भोक ठेवलं, त्यालाही बूच. एवढा खटाटोप कशासाठी? मातीतलं पाणी परस्पर उडून गेलं तर हिशेब चुकणार, म्हणून. आता कुंडीतलं पाणी कमी झालं तर ते झाडातूनच गेलेलं असणार! मग सकाळी वजन, संध्याकाळी वजन. ८ ऑगस्टपर्यंत असं पंधरा दिवसांचं वजन त्यांनी टिपून ठेवलं.

दिवसाच्या बारा तासांत ते एवढंसं झाड सरासरी २० औंस पाणी हवेत सोडत होतं. म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्तच. कोरड्या, उबदार रात्री मात्र ३ औंसांच्या आसपास. आणि रात्री जरा दव पडलं, की काहीच नाही. हेल्सनी पुढचाही हिशेब मांडला. माणूस आणि सूर्यफूल दोघांचं आकारमान सारखं धरलं, तर सूर्यफूल माणसाच्या १७ पट घाम गाळतं! १७२७ साली त्यांनी हे सगळं ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ नावाच्या पुस्तकात छापलं. एक तराजू, एक कुंडी आणि चिकाटी, एवढ्या भांडवलावर या माणसाने झाडाचं गुपित पकडलं. विज्ञानाच्या गोष्टींत मला ही फार आवडते.

काय म्हणालीस? झाड एवढं पाणी वाया का घालवतं? अगदी योग्य जागी बोट ठेवलंस. मुळं जमिनीतून जेवढं पाणी ओढतात, त्यातले शंभरातले ९७ ते ९९ भाग पानांतून वाफ होऊन निघून जातात. झाडाच्या अंगी लागतं ते अगदी थोडं. दुष्काळात होरपळलेल्या माणसाला हा हिशेब ऐकून राग येईल. पण झाडाची अडचण समजून घे.

झाडाचं अन्न हवेत असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड, मुळांनी आणलेलं पाणी आणि सूर्याचा प्रकाश, यांतून पान साखर तयार करतं. पण हवेच्या १०,००० भागांत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम ४ भाग. तो पकडायचा तर पानाच्या आतल्या ओल्या पेशींपर्यंत हवा पोचायला हवी. आता पानाच्या आतली हवा वाफेने पुरती भरलेली आणि बाहेरची कोरडी. ज्या वाटेने कार्बन डायऑक्साइड आत येतो, त्याच वाटेने वाफ बाहेर पळते, आणि तीही कितीतरी जास्त. गहू, तांदूळ, कापूस अशी पिकं कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत घेताना पाण्याचे सुमारे ४०० ते ५०० रेणू गमावतात. वाट बंद ठेवली तर उपाशी मरायचं, उघडी ठेवली तर तहानेने मरायचं. जमिनीवरच्या झाडांच्या मागे हा पेच ४० कोटी वर्षांपासून लागलेला आहे.

ती वाट म्हणजे पर्णरंध्रं. पानाच्या सालीतली बारीक छिद्रं. बहुतेक झाडांच्या पानांना ती खालच्या बाजूला जास्त असतात, कारण वरच्या बाजूला ऊन तापतं. पट्टीवर मिलिमीटरची घरं असतात ना? एक मिलिमीटर लांब आणि तेवढीच रुंद जागा घेतली, तर तेवढ्यात शंभर, दोनशे, कधी तीनशे छिद्रं सापडतात. आणि तरीही सगळी छिद्रं पूर्ण उघडली, तर त्यांची मिळून जागा पानाच्या शंभरातला एखाद-दुसरा भागच भरते.

मग एवढ्याशा जागेतून इतकं पाणी जातं कसं? हॉरेस ब्राउन आणि फर्ग्युसन एस्कोम्ब या दोघांनी १९०० साली याचा छडा लावला. त्यांनी पातळ पडद्यांना बारीक भोकं पाडून बघितली. त्यांना दिसलं, की भोकाची रुंदी निम्मी केली तर क्षेत्रफळ पाव होतं, पण त्यातून जाणारा वायू पाव होत नाही, निम्माच होतो. कारण भोकाच्या काठावरून निघालेल्या रेणूंना बाजूला पसरायला मोकळी जागा मिळते, आणि भोक जितकं लहान, तितका त्यात काठाचा वाटा जास्त. म्हणून एका मोठ्या भोकापेक्षा दूरदूर पेरलेली पुष्कळ बारीक भोकं फार सरस. पान जवळजवळ पूर्ण झाकलेलं राहतं आणि हवा तर भरपूर मिळते. ही युक्ती मला झाडाच्या साऱ्या करामतींत सगळ्यात हुशारीची वाटते.

आता उघडझाप कोण करतं ते सांगतो. प्रत्येक छिद्राच्या दोन्ही अंगांना एकेक पेशी असते. तिला रक्षक पेशी म्हणतात. उद्या घरी एक करून बघा. दोन लांबट फुगे घ्या. थोडे फुगवून प्रत्येकाच्या एका कडेला लांबीभर चिकटपट्टी लावा. चिकटपट्टीच्या बाजू समोरासमोर ठेवून फुग्यांची टोकं एकमेकांना बांधा, आणि मग हवा भरा. पट्टीची बाजू ताणली जात नाही, बाहेरची बाजू ताणते. दोन्ही फुगे बाहेरच्या अंगाला वाकतात आणि मधे फट पडते. रक्षक पेशींचंही असंच. छिद्राकडची त्यांची भिंत जाड, बाहेरची पातळ, आणि भिंतीतले धागे आडवे गुंडाळलेले, त्यामुळे पेशी जाड न होता लांब होते आणि वाकते. पेशी पाण्याने फुगली की छिद्र उघडतं, पाणी उतरलं की मिटतं. १८५६ साली ह्यूगो फॉन मोल या जर्मन शास्त्रज्ञांनी हे ओळखलं होतं.

पण पेशीत पाणी शिरतं कशामुळे? बरीच वर्षं लोकांना वाटायचं, की पेशीतल्या पिष्टाची साखर होते आणि ती पाणी ओढते. त्यात तथ्य आहे, पण थोडं. मोठा मानकरी निघाला पोटॅशियम. इमामुरा या जपानी संशोधकांनी १९४३ साली त्याचा माग काढला, आणि पुढे १९६० नंतर तो पक्का झाला. पहाटेचा प्रकाश पानावर पडतो. त्यातला निळा प्रकाश रक्षक पेशी ओळखतात. त्या लगेच हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलतात, शेजारच्या पेशींतलं पोटॅशियम आत ओढून घेतात आणि त्याच्या मागोमाग पाणी आत येतं. छिद्र उघडलं! जेवण सुरू.

काकांच्या गोदामात तेरा-शून्य-पंचेचाळीस लिहिलेली खताची पिशवी बघितली आहेस ना? ते पोटॅशियम नायट्रेट. पावसाने दडी मारली, की कापसावर, सोयाबीनवर ते फवारायचा सल्ला कृषी विद्यापीठं देतात. पोटॅशियमची तूट असलेल्या पिकाला ही उघडझाप नीट जमत नाही, हे त्यामागचं एक कारण आहे. काका फवारतात तेव्हा पानापानावरच्या या दोन-दोन पेशींना बळ मिळत असतं.

आता तहानेकडे वळू. जमीन सुकायला लागली, की झाडात एक द्रव्य तयार होतं, ॲब्सिसिक आम्ल. १९६९ साली शास्त्रज्ञांनी गव्हाची पानं खुडून कोमेजू दिली, तर काही तासांतच त्यांत हे आम्ल कितीतरी पट वाढलं. ते रक्षक पेशींपर्यंत पोचलं, की पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामागून पाणी जातं, आणि काही मिनिटांत छिद्र मिटायला लागतं. टोमॅटोचं एक वाण आहे. त्याला हे आम्ल पुरेसं तयार करता येत नाही. त्याची छिद्रं मिटतच नाहीत, म्हणून ते पाणी असूनही मान टाकतं. त्याच्यावर हे आम्ल फवारलं, की ते सावरतं. म्हणजे बघा, झाडाला मेंदू नाही, डोळे नाहीत. तरी प्रत्येक छिद्र प्रकाश किती, आतला कार्बन डायऑक्साइड किती, हवा कोरडी किती, मुळांना ओल किती, हे सगळं तोलून मगच किती उघडायचं ते ठरवतं. रणरणत्या दुपारी कित्येक झाडं छिद्रं अर्धवट मिटून घेतात. जेवण मंदावतं, पण जीव वाचतो.

ज्वारी, मका, ऊस यांनी वेगळी तजवीज केली आहे. ती आधी कार्बन डायऑक्साइड पानात साठवून दाट करतात, मग वापरतात. त्यामुळे छिद्रं कमी उघडून काम भागतं, आणि एका रेणूमागे पाणी जवळपास निम्मंच जातं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाऊस संपल्यावर नुसत्या मातीतल्या ओलीवर ज्वारी उभी राहते, त्यात या गुणाचा मोठा वाटा आहे.

आणि एक झाड तर सगळ्यांच्या वरचढ! आपल्या कुंडीतली पानफुटी. बेंजामिन हाइने नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण हिंदुस्थानात होते. त्यांनी पानफुटीचं पान चाखलं. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट! लंडनच्या लिनियन सोसायटीने त्यांचं हे निरीक्षण १८१५ साली छापलं. तुम्ही मात्र चाखायचं नाही हं. या झाडात विषारी द्रव्यं असतात. हे आंबटपण कुठून आलं, त्याचा उलगडा पुढे झाला. पानफुटी, निवडुंग, अननस, घायपात ही झाडं दिवसा छिद्रं मिटून बसतात आणि रात्री, हवा गार असताना उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात, म्हणून पान सकाळी आंबट. दिवसा छिद्रं बंद ठेवून त्याच साठ्यातून साखर बनवतात. पाण्याची केवढी बचत!

पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो, असं शाळेत कुणी सांगितलं? अरे बाळा, ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाश लागतोच. रात्री छिद्रं उघडणारी ही झाडंसुद्धा तेव्हा ऑक्सिजन देत नाहीत. पिंपळ मोठा आहे, त्याच्या सावलीला तोड नाही. त्याला खोट्या मोठेपणाची गरज नाही.

दारच्या कण्हेरीचं पान उलटं करून भिंगातून बघा. खालच्या बाजूला बारीक खळगे दिसतील, त्यांत केस. छिद्रं त्या खळग्यांत दडलेली असतात. तिथली दमट हवा वाऱ्याला सहज उडवता येत नाही. कमळाचं पान पाण्यावर पसरतं, म्हणून त्याची छिद्रं वरच्या बाजूला. छिद्रं मोजायची असतील तर ताईचं रंगहीन नेलपॉलिश पानाच्या खालच्या बाजूला लावा, वाळू द्या, चिकटपट्टीने अलगद उचला आणि शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. रक्षक पेशींच्या जोड्यांचा ठसा स्पष्ट उमटतो.

केंब्रिजचे इयन वुडवर्ड यांनी मोजणी केली ती जुन्या वाळवलेल्या पानांवर. गेल्या दोनशे वर्षांत गोळा केलेली ती पानं त्यांनी तपासली आणि १९८७ साली सांगितलं, की त्या झाडांची छिद्रं सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली आहेत. कारखाने आले, कोळसा जळला, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला. झाडांना तेवढंच जेवण कमी छिद्रांतून मिळायला लागलं, म्हणून नव्या पानांवर छिद्रंच कमी निघाली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीतून खुडलेल्या फांद्या तिथे कागदावर चिकटवून जपल्या आहेत. त्यांतल्याच एखाद्या झाडाचं आजचं पान घ्यायचं आणि मोजून बघायचं, ह्यात किती छिद्रं आणि त्यात किती.