कंबर एका बाजूनेच धरते? दुकानाला कुलूप लावण्यापूर्वी हे वाचा

कारागिराची कंबर धरली की त्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. नोकरदाराला रजा मिळते. शिंपी, सुतार, वेल्डर यांना ती कोण देणार? मुळशी तालुक्यात भूगाव, पिरंगुट, पौड या पट्ट्यात कारखाने आणि बांधकामे वाढत गेली, तशी गॅरेजे, फॅब्रिकेशनच्या शेड, फर्निचरची दुकाने आणि मालवाहू टेम्पोही वाढले. हे सारे धंदे कमरेवर चालणारे आहेत. आणि कंबर दुखली की आपल्याकडे दोनच निदाने ठरलेली असतात: 'मणक्यात गॅप आहे' किंवा 'नस दबली आहे'. तिसऱ्या एका कारणाचे नावही बहुतेकांनी ऐकलेले नसते. व्यावसायिक बांधवांचे त्याकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते.

कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वर, पाचरीसारखे एक तिकोनी हाड असते. त्याला त्रिकास्थी म्हणतात. ही पाचर कमरेच्या दोन मोठ्या हाडांच्या मध्ये ठोकून बसवलेली असते आणि दोन्हीकडच्या जोडाला सॅक्रोइलियाक, थोडक्यात एसआय सांधा, असे नाव आहे. गवंडीकाम करणाऱ्यांनी दगडी कमानीतला मधला दगड डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे सांध्याचे काम लगेच ध्यानात येईल. त्याची हालचाल अगदी थोडी, दोन-चार अंशांची. परंतु धडाचा सारा भार याच वाटेने पायांत उतरतो. जाड अस्थिबंध आणि पोट, पाठ व कुल्ल्याचे स्नायू त्याला आवळून धरतात. स्नायू ढिले पडले किंवा भार वर्षानुवर्षे एकाच अंगावर पडला, की सांधा कुरकुरू लागतो.

आता आपापला धंदा पाहा. टेम्पोचालकाचा डावा पाय दिवसभर क्लचवर. मेकॅनिक एकाच पायाने किक मारतो. हमाल भाताचे पोते नेहमीच्याच खांद्यावर घेतो. वेल्डर उकिडवा बसून एका टाचेवर भार टाकतो. दुकानदार गल्ल्यापाशी एका पायावर रेलून उभा, आणि बसला तर मागच्या खिशात जाड पाकीट! यातले कोणतेही एक कारण पुरेसे असते असे नाही, पण सारी मिळून सांध्याला शिणवतात.

वैद्यकशास्त्राला हा सांधा नवा नाही. १९०५ साली बोस्टनचे गोल्डथ्वेट आणि ऑसगुड यांनी कंबरदुखीचे एक कारण म्हणून त्याचे वर्णन केले होते. पुढे १९३४ साली मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यातली चकती सरकून नस दबते हे दाखवून दिले आणि सर्वांचे लक्ष चकतीकडे गेले. आज निरनिराळ्या अभ्यासांतून असे सांगितले जाते की, जुनाट कंबरदुखीच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण १५ ते ३० जणांचे दुखणे एसआय सांध्यातून येते. आकडा मोठा आहे.

ओळखायचे कसे?

दुखणे नेमके कोठे आहे असे विचारल्यावर रुग्ण पट्ट्याच्या रेषेखाली, एका बाजूच्या खळगीवर बोट ठेवतो. कळ कुल्ल्यात आणि मांडीच्या मागे उतरते. गुडघ्याखाली क्वचितच जाते. बसून उठताना, जिना चढताना, मोटारसायकलवर टांग टाकताना, अंथरुणात कूस बदलताना चमक येते. चकतीच्या दुखण्यात बहुधा पायाच्या बोटांपर्यंत मुंग्या येतात आणि खोकला आला तरी कळ वाढते. अर्थात हे ढोबळ फरक आहेत. तपासणारा फिजिओथेरपिस्ट सांध्यावर वेगवेगळ्या दिशांनी दाब देऊन पाच चाचण्या करतो. त्यातल्या किमान तीन चाचण्यांत तीच ओळखीची कळ उठली तर संशय बळावतो. एक्स-रे किंवा एमआरआय पुष्कळदा साफ निघतो, किंवा दुखण्याशी संबंध नसलेली एखादी 'गॅप' दाखवून रुग्णाला घाबरवतो.

काही वेळा मात्र व्यायामाच्या आधी डॉक्टर गाठलाच पाहिजे. वय चाळिशीच्या आत, पहाटे कंबर आखडलेली, अर्धा-पाऊण तास ती सुटत नाही आणि विश्रांतीने नव्हे तर हालचालीने बरे वाटते, अशी लक्षणे असतील तर हा संधिवाताचा एक प्रकार असू शकतो. त्याची औषधे वेगळी आहेत. ताप, रात्री घाम, वजन घटणे असेल तर क्षयाची तपासणी हवी. क्षय या सांध्यातही होतो. खाटीक आणि शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार करणाऱ्या बांधवांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे: ब्रुसेलोसिस. विणाऱ्या किंवा गाभडलेल्या जनावराची वार, रक्त हाताळल्याने आणि कच्च्या दुधातून तो माणसाला होतो आणि त्याला एसआय सांधा फार आवडतो. अशा वेळी आपला धंदा डॉक्टरांना आपणहून सांगावा, ते विचारतीलच असे नाही. लघवी अडणे, बैठकीची जागा बधिर होणे किंवा पाय लुळा पडणे ही तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जाण्याची लक्षणे होत.

पैसा कशावर खर्च करावा?

हा आपल्या पानाचा प्रश्न. फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि विजेच्या यंत्राखाली दहा दिवस पडून राहणे, अशी समजूत झाली आहे. यंत्राने त्या वेळेपुरते बरे वाटते, नाही असे नाही. परंतु ब्रिटनमधील 'नाइस' या सरकारी संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी जे मार्गदर्शन दिले, त्यात अल्ट्रासाउंड, टेन्स, इंटरफेरेन्शियल करंट आणि ट्रॅक्शन देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. भर व्यायामावर आहे. दहा बैठका यंत्राच्या घेऊन व्यायाम एकही न शिकता परतणे हा आतबट्ट्याचा व्यवहार.

दुसरी समजूत 'सरकलेले हाड बसवून' घेण्याची. सांधा कट्‌कन वाजतो, दुखणे हलके होते आणि हाड जागेवर आले असे वाटते. १९९८ साली स्वीडनमधील संशोधकांनी अत्यंत सूक्ष्म एक्स-रे मोजणी करून पाहिले, तेव्हा अशा उपचारानंतर हाडांची जागा बदललेली आढळली नाही. आराम वाटतो तो स्नायू आणि नसा सैलावल्यामुळे असावा. जाणकार फिजिओथेरपिस्ट हाताने उपचार करतो तो दुखणे कमी करून व्यायामाला वाट करून देण्यासाठी. जोरजोराने तुडवून घेणे टाळावे.

व्यायाम साधे आहेत. उताणे झोपून गुडघे दुमडायचे, कुल्ले उचलून पाच आकडे धरायचे. कुशीवर झोपून टाचा जोडलेल्या ठेवत वरचा गुडघा उघडायचा. हातापायांवर ओणवे होऊन उजवा हात आणि डावा पाय लांबवायचा, मग उलट. प्रत्येक आठ-दहा वेळा, श्वास न कोंडता. कोणता आधी आणि किती, हे तपासणाऱ्याने ठरवायचे. कळ वाढली तर थांबून विचारायचे. सहा ते बारा आठवडे नियमाने करावे लागते, आणि येथेच बहुतेक लोक सोडून देतात.

पट्टा घ्यायचा तर तो बेंबीच्या रेषेत नव्हे, त्याच्या बराच खाली, खुब्याच्या हाडांच्या किंचित वर आवळायचा. रुंद कंबरपट्टा या कामाचा नाही. अरुंद पट्टा कामाच्या वेळी, काही आठवड्यांपुरता वापरावा. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाणे मूत्रपिंडाला महागात पडते. सांध्यात इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत, पण ते व्यायामाला पुरेसा वेळ देऊन झाल्यावर.

घरातल्या भगिनींना विसरू नये. बाळंतपणानंतर याच सांध्याभोवती दुखणे राहते, आणि साडीला फॉल-बिडिंग करत तासन्‌तास एका मांडीवर बसल्याने ते चिघळते. नॉर्वेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८१ बाळंतिणींपैकी एका गटाला वीस आठवडे खास व्यायाम दिले गेले. त्यांना मिळालेला आराम बाळंतपणानंतर दोन वर्षांनीही टिकून होता. 'बाळंतीण आहे, दुखणारच' म्हणून गप्प बसवणे योग्य नव्हे.

मुळशीकरांना पुणे जवळ आहे. ससून या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग आहे, शिवाजीनगरला संचेती संस्थेचे आणि पिंपरीला डी. वाय. पाटील यांचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. गावातच उपचार घ्यायचे तर नोंदणी क्रमांक विचारावा. महाराष्ट्रात या व्यवसायासाठी २००२ चा स्वतंत्र परिषद कायदा झालेला आहे. पहिल्याच भेटीत न तपासता यंत्र लावणारा आणि आगाऊ पंधरा बैठकांचे पैसे मागणारा टाळावा.

आपले काम कसे चालते ते त्यांना करून दाखवावे. शिंप्याने मशीनवरची बैठक दाखवावी, चालकाने सीटची उंची सांगावी. नमाजमध्ये अत्तहियातला बसताना एका अंगावर भार येतो, तीही बैठक दाखवावी. पुष्कळदा घडीची चादर किंवा छोटी उशी घेऊन भागते. खुर्चीची गरज असेल तर किती दिवस, हे फिजिओथेरपिस्ट सांगू शकेल. सवलतीचे इमामसाहेबांना विचारावे.